फुकटचं सॉफ्टवेअर एसटीने का जातं?

शहादा

चि. पिंट्या,

क्यूजीआयएस फुकट मिळतं, मग ते धडगावला एसटीने का पाठवतात, असं विचारून तू फोनवर पोट धरून हसलास. हसण्यासारखं आहेच, पण त्यामागची गोष्ट ऐक.

नकाशे बनवायचं हे सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलं. धडगावकडे ते लागतं वनहक्काच्या दाव्यांसाठी. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर कसलेली जमीन नेमकी कुठली, हे दाखवावं लागतं. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहचित्र जोडपुरावा म्हणून चालतं. गावच्या म्हाताऱ्यांच्या जबाबासारख्या पुराव्याची जागा मात्र ते घेत नाही. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरलेल्या माणसाला ते बिंदू नकाशावर चढवायला असं बिनपैशाचं साधन लागतं.

आता फाइल बघ. विंडोजसाठीचा पूर्ण इन्स्टॉलर एक जीबीच्या वर जातो. टेकडीवर मोबाइल धरून बसावं, नव्वद टक्के उतरावं आणि रेंज जावी. ब्राउझर पुष्कळदा पुन्हा शून्यापासून सुरू करतो. सर्व्हरची तयारी असेल तर 'डब्ल्यूगेट' हा छोटा प्रोग्रॅम '-सी' लावल्यावर तुटलं तिथून पुढे उतरवतो, पण हे ठाऊक किती जणांना? दुसरा घोटाळा याहून चिडवणारा. क्यूजीआयएसचा एक इन्स्टॉलर अगदी छोटा असतो. तो झटकन उतरतो, माणूस खूश होऊन पाड्यावर घेऊन जातो आणि तिथे चालू केला की तो बाकी सगळा माल नेटवरून मागायला लागतो! तिथे लागतो तो मोठा, ऑफलाइन चालणारा.

म्हणून तो पेन ड्राइव्हवर घालून एसटीने पाठवतात. आणि यात चोरीबिरी काही नाही. क्यूजीआयएसच्या जीपीएल परवान्यात प्रत काढून वाटण्याची मुभाच दिलेली आहे. फक्त वाटेत फाइल बिघडली नाही ना, हे पाहावं लागतं. त्यासाठी फाइलबरोबर शा-256 नावाची 64 अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' चालवून निघालेली खूण तिच्याशी ताडायची. एक अक्षर जरी वेगळं आलं, तरी फाइल टाकून द्यायची.

कधी दोष ना फाइलचा असतो, ना रेंजचा. 2014 च्या डिसेंबरअखेर मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून देशात 32 संकेतस्थळं बंद झाली. त्या यादीत गिटहबची गिस्ट सेवा होती, इंटरनेट आर्काइव्ह होतं, सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअर उतरवायच्या संकेतस्थळावरचं एक पानही होतं. 2022 मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं संकेतस्थळ कित्येक महिने इथून उघडत नव्हतं. नोव्हेंबरात बंदी उठली. पडद्यावर कारण येईलच असं नाही, नुसतं 'पोहोचता येत नाही' एवढंच दिसतं. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तोच दुवा उघडून पाहावा. तिथे उघडला, तर गाठ वाटेत आहे, सर्व्हरवर नाही. एवढी साधी तपासणी करायच्या आधीच लोक संगणक फॉरमॅट करायला निघतात, याचं मला फार हसू येतं.

हे सॉफ्टवेअर शिकवायचा प्रश्न मुंबईच्या आयआयटीने बराच सोडवलाय. त्यांचे स्पोकन ट्युटोरियल भारतीय भाषांत आहेत, मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय पाहता येतात.

राहिला जुन्या संगणकांचा प्रश्न. 32-बिट विंडोजवर नवा इन्स्टॉलर चालतच नाही, आणि लोक दोष देतात डाउनलोडला. 3.20 या आवृत्तीपासून क्यूजीआयएसने 32-बिट बंद केलं. त्याआधीची 3.16 दीर्घकाळ सांभाळलेली आवृत्ती होती. तुझ्या विद्यापीठाचं नेट दणदणीत आहे, तेव्हा तिचा 32-बिट इन्स्टॉलर उतरवून ठेव आणि दिवाळीला येताना घेऊन ये. शा-256 ची ओळ मला आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक.

तुझा,
काका