पावणेदोन आणि १.७५

मराठी घरातल्या मुलाच्या कानावर पाव, सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द शाळेआधीच पडतात. पुढे इयत्ता पाचवीत दशांश अपूर्णांक येतात, आणि तेच मूल १.२५ ही संख्या १.५ पेक्षा मोठी ठरवते. पंचवीस पाचापेक्षा मोठे नाहीत का? यात बुद्धीचा दोष नाही. सव्वा म्हणजेच १.२५ आणि दीड म्हणजेच १.५, ही गाठ त्याला कोणी घालून दिलेली नसते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तोवर १६ आणे, ६४ पैसे असा हिशेब होता. पावकी, निमकी मुखोद्गत असलेल्या त्या पिढीने दशांश पद्धत गल्ल्यावर बसूनच आत्मसात केली. आजच्या मुलाच्या हाती मात्र पैसा उरलेला नाही. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, दुकानदार मात्र ते घेत नाही! शिवाय रुपयात बिंदूपुढे दोनच घरे, किलोग्रॅममध्ये तीन. म्हणून केवळ पैशांच्या उदाहरणांवर भागत नाही.

चिंचवडमधल्या कोणत्याही किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा याबाबतीत उत्तम गुरू आहे. काट्यावर १.०५० दिसले, तर ते एक किलो पन्नास ग्रॅम; दीड किलो नव्हे. डाळीचा दर १६० रुपये धरला, तर एका शून्याकडे दुर्लक्ष केल्याने १६८ रुपयांचे २४० होतात. हा हिशेब मुलाला गिऱ्हाइकासमोरच करू द्यावा. थोडा खोळंबा होईल, होऊ द्यावा.

चाकणच्या कारखान्यात हेच शून्य अधिक कठोर असते. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. २५.०५ मिलिमीटरचा दंडगोल २५.५ चा झाला, तर तो बेअरिंगमध्ये शिरणारच नाही. वडील कारखान्यात असतील, तर त्यांनी रविवारी व्हर्नियर हाती देऊन वहीचा पुठ्ठा मोजायला सांगावा.

फूट-इंच आणि तास-मिनिटे यांपासून मात्र सावध राहावे. दीड तास म्हणजे १.५ तास, जरी घड्याळ १:३० दाखवीत असले तरी.

घरात तान्हे बाळ असेल, तर त्याच्या औषधाच्या ड्रॉपरवरील खुणा मोठ्या भावंडाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. ०.५ मिलिलिटर आणि ५ मिलिलिटर यांत दहापटीचे अंतर आहे. औषध भरायचे ते मोठ्यांनीच, मुलाने खूण दाखवल्यावर.