घर मांडायचं ते कुणासाठी?

मंडळी, घर बांधायला काढलं की गवंडी पहिला प्रश्न विचारतो, "दार कुठल्या अंगाला?" मग भावकीतला कुणी जाणता दिशा सांगतो, कुणी देवघराचा कोपरा दाखवतं, पोरं मोबाइलवर शहरातल्या घरांची चित्रं आणतात. सगळं रीतसर होतं. पण पहाटे उठून चहाचं आधण कोण ठेवणार, आणि ते ठेवताना तिच्या हातावर उजेड कुठून पडणार, हे कुणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या पंचक्रोशीत पुष्कळ वास्तुशांती झाल्या. पुरणपोळी जेवून उठले की मी हात धुवायच्या निमित्तानं आत डोकावते. ही माझी खोडच आहे म्हणा ना! बहुतेक ठिकाणी एकच तऱ्हा. बाहेरची खोली मोठी, उजेडाची, तिच्यात सोफा आणि काचेचं शोकेस. स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात, दिवसा बल्ब लावावा असं. पाहुणा महिन्यातून दोनदा येणार, त्याच्यासाठी निम्मं घर. आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारीला उरलेला कोपरा.

जुनी घरं फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. सोलापूर, लातूर, धाराशिवकडची माळवदाची घरं तुम्ही पाहिली असतील. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं ओझं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तेच दगड आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती घरं परत यावीत असं कोण म्हणेल? पण त्यांची आतली मांडणी मात्र कामाची होती. चुलीच्या वर सवणं, त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. भिंत जाड, म्हणून फडताळ आणि कोनाडे तिच्याच पोटात मावायचे, पायाखालची जागा अडायची नाही. दिवळी हाताच्या उंचीला, खुंटी दाराशेजारी, शिंकं मांजराच्या उडीबाहेर. आता भिंती आल्या चार, सहा, फार तर नऊ इंचांच्या. त्यांच्या पोटात काही मावत नाही. मग सामान जमिनीवर उतरतं आणि माणसाला वाट राहत नाही.

आमच्या चुलत सासूबाईंची गोष्ट सांगते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. जुन्या घरात रात्री दिवा न लावता मीठ, काड्यापेटी, हिंगाची डबी बरोबर हातात यायची. मुलानं हौसेनं स्लॅबचं घर बांधलं. स्वयंपाकघराला खालपासून वरपर्यंत तपकिरी फरशी लावली, डबे सगळे झाकपाक कपाटात. आणि सासूबाईंच्या हातून सांडायला लागलं. साखरेऐवजी मीठ पडलं, दुधाचं पातेलं लवंडलं. सूनबाई वाईट नाही हो, पण कामाच्या घाईत तीही चिडायची. हळूहळू म्हातारीनं आत जाणंच सोडलं. दिवसभर उंबऱ्यात बसून राहायची. घरातले म्हणायला लागले, "आता आईचं ध्यान राहत नाही."

नातसुनेच्या ध्यानात आलं ते असं. उंबऱ्यात बसून सासूबाई तूर निवडत होत्या, आणि मुगाएवढा खडासुद्धा सुटत नव्हता. म्हणजे डोळा गेला नव्हता, ध्यानही गेलं नव्हतं. आतला उजेड गेला होता, आणि हाताला ठाऊक असलेल्या जागा गेल्या होत्या. तिनं नवऱ्यामागे भुणभुण लावून मागच्या भिंतीत तीन बाय चारची खिडकी पाडून घेतली. तपकिरी फरशीवर पांढरा रंग बसेना, म्हणून वरची भिंत आणि छत तेवढं पांढरं केलं. म्हातारीच्या खांद्याइतक्या उंचीवर कडप्प्याचं एक फळं ठोकलं आणि त्यावर मीठ, साखर, चहा, हळद ठरलेल्या क्रमानं मांडली. तो क्रम बदलायचा नाही, अशी घरातल्या सगळ्यांना ताकीद! पंधरा दिवसांत सासूबाई पुन्हा आत. आता नातवाच्या डब्याची भाजी त्याच चिरतात, आणि मिठावरून सुनेला दोन शब्द ऐकवतातही.

तेव्हा तुमच्याकडे बांधकाम निघालं असेल तर चार गोष्टी आधी बघा. आमच्यासारख्या कोरड्या, उन्हाळी मुलखात खोलीच्या जमिनीच्या निदान दहाव्या हिश्शाइतकी खिडकी असावी. कोकणासारख्या दमट भागात सहाव्या. दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट खिडकी म्हणजे काही चैन नव्हे. तिच्या समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका ठेवा, तापलेली हवा वर चढते ती तिथून निघून जाईल. खिडकी किंवा बल्ब काम करणारीच्या समोर किंवा बाजूला हवा. पाठीमागे असला तर तिचीच सावली तिच्या विळीवर पडते.

ओट्याचं तर गवंडी एकच माप सगळ्या गावाला लावतात. त्यांना सांगा, घरातली बाई उभी करा, तिचा हात कोपरात वाकवा, आणि कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा घ्या. पाच फुटी बाईला तो साधारण ३१-३२ इंच येतो. उंच ओट्यानं खांदे भरून येतात, ठेंगण्यानं कंबर जाते, आणि मग आपण बाम चोळत बसतो.

गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. हा गॅस हवेहून जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकघराला खालूनही हवा खेळायला वाट पाहिजे. दाराला उंबऱ्याजवळ फट असेल तर ती कापडानं गच्च बुजवू नका.

रंगाचं थोडक्यात सांगते. अंधाऱ्या खोलीला गडद रंग देऊ नये. साधा पांढरा चुना आत उजेड वाढवतो, आणि तोच चुना उन्हाळ्याच्या तोंडी स्लॅबवर मारला तर आतला उकाडाही कमी होतो. गुलाबी-जांभळ्याची हौस असेल तर एक भिंत द्या आणि गप्प बसा.

आता जरा कडू बोलते. बाकीचं सगळं चुकलं तरी निभावेल, हे निभावणार नाही. फवारणीचं औषध कित्येक घरांत त्याच मांडणीवर असतं, खाली तेलाचा डबा आणि वर कीटकनाशक. औषधाची जागा घराबाहेर, कुलपात, पोरांच्या हाताबाहेर. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवायचं तर नावच नको. आणि धान्याला लावायच्या विषारी गोळ्या ठेवून त्याच खोलीत निजू नका. त्या गोळ्यांतून निघणारा वायू झोपेतच माणसं नेतो. ज्वारीची पोती झोपायच्या खोलीतच रचायची वेळ असेल, तर गोळ्यांचं नाव काढायचं नाही. धान्य कडक उन्हात वाळवा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा.

घरकुलवाल्यांची अडचण मला ठाऊक आहे. सरकारी घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच. इतक्या जागेत कुणी सोफा घेतला की माणसांनी उभं राहायचं. अशा घरात सामान भिंतीवर चढवावं, म्हणजे सलग लांब फळ्या, दाराच्या वर माळा, खाटेखाली पेटी. आणि मधली जमीन मोकळी राखावी. तीच जागा दिवसा निवडण-टिपण्याची, संध्याकाळी अभ्यासाची, रात्री अंथरुणाची.

पैसा लागण्याआधी एक करून बघा. पायाचं काम होण्यापूर्वी मोकळ्या जागेवर रांगोळीनं सगळं घर खऱ्या मापात आखा. भिंती, दारं, सहा बाय तीनची खाट, कपाट आणि त्याचं उघडणारं दार, ओटा. मग घरातल्या बाईनं हातात रिकामी कळशी घेऊन त्यात फिरावं, म्हातारीनं काठी घेऊन खाटेपासून मोरीपर्यंत जाऊन यावं. कुठं वळताना अडतं ते तिथंच कळतं, आणि रांगोळीची भिंत पायानं पुसून सरकवता येते. गवंड्याला त्या वेळी जवळ उभं ठेवा. तो हसेल, हसू द्या.

आणि हो, खिडकीच्या गजांत अंतर फार ठेवू नका. आमच्या सासूबाईंच्या नव्या खिडकीतून पहिल्याच आठवड्यात मांजर आत आलं होतं. आता तिथं जाळी बसवली आहे.