सात खडे, बारा नखं

एकाच मापाची सात नाणी घ्या. एक मधे ठेवा, बाकीची सहा त्याला टेकवून भोवती मांडा. शेवटचं नाणं पहिल्याला नेमकं भिडतं. फटही राहत नाही आणि दाटीही होत नाही. सात हिऱ्यांची कुडी काय, अंगठी काय, भूमितीनेच दिलेला दागिना आहे तो. सराफाच्या दुकानात मात्र भूमितीला दाद द्यायला कुणाला फुरसत नसते.

झवेरी बाजारात, एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत, मी आत्याच्या अशाच सात हिऱ्यांच्या अंगठीचं काम पाहत बसलो होतो. कारागीर बंगाली, तिथले बरेच असतात तसे. सगळे त्यांना दादा म्हणत. लाकडी मुठीवर लाख तापवून अंगठी तिच्यात रुतवलेली. खडे दोन मिलिमीटरचे, म्हणजे एकेक जेमतेम 3 सेंटचा. असे 100 सेंट झाले की एक कॅरट, आणि 5 कॅरटांचा एक ग्रॅम. चिमटीत धरायची सोयच नाही. काडीच्या टोकाला मेण लावून दादा खडा टिपत.

खडा धरून ठेवणाऱ्या प्रत्येक नखाला आतून खाच. ती खोल गेली तर नख मोडतं, उथळ राहिली तर खडा डुगडुगतो. मग नखं वाकवायची तीही थोडीथोडी, समोरासमोरची. एकच बाजू दाबली की खडा कलला. बाहेरची सहा नखं दोन-दोन खडे सांभाळतात. आतली सहा मात्र त्रिकोणी फटीत उभी, एकेकाच्या जिवावर तीन-तीन खडे. तिथे हात आला की दादांचं गुणगुणणं बंद. हिरा सगळ्यांत कठीण खरा, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. पातळ कडेवर जोर पडला तर कपची उडते.

जुन्या कोंदणात खड्यामागे चकाकता वर्ख असे आणि कडेने शुद्ध सोनं ठासलेलं. त्याचा थाट मला मान्य आहे. पण पैलू पाडलेला हिरा असा चहूबाजूंनी बुजवणं मला पटत नाही. नखांना मात्र 22 कॅरटचं सोनं मऊ पडतं, म्हणून 18 कॅरट वापरतात. घरातली वडीलधारी त्यावर नाक मुरडतात ते वेगळं.

शेवटी दादांनी अंगठी कानाशी धरून टिचकी मारली. मग मलमलीवर फिरवली. एक धागा अडकला. ते टोक पुन्हा गोल केलं. पावतीवर सोन्याचं वजन, हिऱ्यांचे सेंट, मजुरी. नखांचा उल्लेख कुठेच नाही. आणि झिजतात आधी तीच.

आत्याला म्हटलं, "कणीक मळताना अंगठी काढून ठेवत जा. नखं झिजली तर एखादा खडा पडेल."

"पडला तर एक पडेल रे," आत्या म्हणाली. "काढून कुठे ठेवली ते विसरले तर सातही जातील."