बोधवाक्यातील पहिला शब्द

मुंबई आणि बऱ्हाणपूर ह्यांच्यामध्ये आगगाडीच्या एका रात्रीचे अंतर आहे. आमच्या लोधीपुऱ्यातील पुष्कळ मराठी घरांचा कोणी ना कोणी आप्त कल्याण-डोंबिवलीकडे असतो, आणि दरगाह-ए-हकीमीच्या दर्शनास मुंबईहून येणाऱ्या बोहरी भाविकांची वर्दळ तर वस्तीच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे मुंबई आम्हांला परकी वाटत नाही. तथापि मुंबईच्या पोलिसाशी प्रत्यक्ष परिचय आमच्यापैकी किती जणांचा असेल? त्याला आपण ओळखतो ते पडद्यावरून.

ही ओळख करून देण्यात हिंदी चित्रपटाने हात आखडता घेतलेला नाही. जगदीश राज ह्यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगविला आणि त्याची नोंद गिनीजच्या ग्रंथात झाली. पुढे १९७३ च्या ‘जंजीर’ने संतापलेला इन्स्पेक्टर आणला. दूरचित्रवाणीवर ‘सीआयडी’ ही मालिका १९९८ पासून वीस वर्षे घरोघर पाहिली गेली. २००४ च्या ‘अब तक छप्पन’मध्ये तर नायकाच्या हातून मारल्या गेलेल्यांची संख्याच शीर्षकात जाऊन बसली. २०११ साली ‘सिंघम’ आला आणि पोलीस म्हणजे डरकाळी, असे समीकरण बालगोपाळांच्या मनात पक्के झाले.

महाराष्ट्र पोलिसांचे बोधवाक्य वाचकांना ठाऊक असेल: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या निग्रहासाठी. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला ह्या दोन शब्दांचा क्रम नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. रक्षण पहिले, निग्रह नंतर. शिवाय निग्रह म्हणजे वध नव्हे. मनोनिग्रह करणारा मनाला ठार मारीत नाही, त्याला आवरतो. पडद्याने काय केले? पहिला शब्द पुसून टाकला आणि दुसऱ्याचा अर्थ बदलला.

आता हे सद्रक्षण प्रत्यक्षात करतो कोण? रात्रीची गस्त घालणारा, विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरून उभा राहणारा, आरोपीला न्यायालयात नेऊन तारीख घेऊन परत आणणारा शिपाई आणि हवालदार. पडद्यावर मात्र क्रोध इन्स्पेक्टरच्या वाट्याला आला आणि हवालदाराच्या वाट्याला हसे. १९७५ साली दादा कोंडके ह्यांनी ‘पांडू हवालदार’ काढला, तेव्हा तो हवालदार निदान चित्रपटाचा नायक तरी होता. घरच्या माणसाची घरच्यांनी केलेली ती थट्टा होती. पण ‘पांडू’ हे नाव पुढे हिंदी बोलण्यात शिपायाचे हेटाळणीचे नाव झाले. हिंदी चित्रपटातील हवालदाराचे काम ठरून गेले: मोडकी मराठी-हिंदी बोलावी, साहेबांच्या शिव्या खाव्यात आणि सर्व काही आटोपल्यावर पोहोचावे.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ह्याचे फारसे काही वाटत नसेल. आम्हां बाहेर वसलेल्यांची गोष्ट निराळी आहे. इकडच्या हिंदीभाषक मुलांच्या कानी मराठी पडते ती बहुधा ह्याच हवालदाराच्या तोंडून.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात हिंदीच्या तासाला मी ‘मी पोलीस झालो तर’ हा निबंध दिला होता. जवळजवळ सगळी मुले थेट इन्स्पेक्टर झाली आणि दुसऱ्या परिच्छेदातच त्यांनी गुंडांवर गोळ्या झाडल्या. पंचनामा कोणी केला नाही, न्यायालयाची पायरी कोणी चढले नाही. एक वही मात्र वेगळी होती. मुलगा मराठी घरातला, वडील आपल्या मध्य प्रदेश पोलिसांत आरक्षक. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तावरून ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते आणि बूट निघत नव्हता, एवढेच त्याने साध्या वाक्यांत लिहिले होते. मी शाबासकी दिली, तर मधल्या सुटीत तो माझ्या खोलीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, माझा निबंध वर्गात वाचू नका ना. मला पांडू म्हणतात.”

मी तो वाचला नाही. बापाचा धंदा आणि आईची भाषा, दोन्हींची लाज तेरा वर्षांच्या मुलाला एकाच शब्दाने वाटावी, हे मला अद्याप सलते.

दुसरी हानी सर्वांचीच आहे. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ साली न्यायालयाने चकमकींच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी ‘सिंघम’चेच नाव घेऊन सांगितले की, कायद्याची रीत बाजूला सारून झटपट न्याय देणारा पोलीस ही प्रतिमा घातक आहे. चित्रगृहात टाळ्या वाजविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की रीत सोडली तर गोळी कोणाला लागेल ह्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

सर्वच चित्रपटांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हा मुंबईच्याच एका फौजदाराचा, अनंत वेलणकराचा, चित्रपट. त्यातही क्रोध आहे. परंतु तो क्रोध माणसाला आतून कसा पोखरतो आणि कोठडीतल्या आरोपीच्या जिवावर कसा उठतो, हे तो लपवीत नाही. नायकाचा बाप तिथे निवृत्त शिपाई आहे, आणि त्याला कोणी हसत नाही.

आणि शेवटी तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. जिवंत सापडला म्हणूनच कट उलगडला. खटला चालला, अपिले झाली आणि २०१२ साली शिक्षेची अंमलबजावणी झाली. ओंबळे ह्यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. निग्रह म्हणजे आवरून धरणे, हा अर्थ ह्याहून स्पष्टपणे कोणता कोशकार सांगू शकेल?

ह्या मानाने लहान, पण मला तितकीच प्रिय असलेली आणखी एक हकीकत आहे. मुंबईत शिपायाची पाळी बारा-बारा तासांची असे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याची कल्पना त्याच ठाण्यातील एका शिपायाने मांडली होती. तिच्यात गोळीबार नाही, पाठलाग नाही; रात्री वेळेवर घरी आलेला बाप तेवढा आहे. चित्रपटाला ती पुरेशी वाटणार नाही, हे मी जाणतो.

मनोरंजनावर बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. चित्रपट मुलांनी पाहावेत, हसावेही. पण घरी एकत्र बसून पाहताना पडद्यावरचा हवालदार धडपडला आणि मुले हसली, तर मोठ्यांनी त्यांना बोधवाक्यातला पहिला शब्द सांगावा आणि त्याचा अर्थही. तो शब्द आपल्याच भाषेच्या आजोळचा आहे. तो उच्चारण्याची लाज कोणाच्याही मुलाला वाटू नये.