लाटेला काय विचारायचं?

लाटांचं सिम्युलेशन करायला बसलं की पहिला मोह होतो तो सगळ्यांत परिपूर्ण समीकरणं घेण्याचा. नेव्हिए-स्टोक्समध्ये पाणी आहे, चिकटपणा आहे, भोवरे आहेत, लाटेचं फुटणंही आहे. मग कमी कशाला घ्यायचं? माझं मत उलट आहे. प्रश्नाचं उत्तर जिच्यात मावतं, अशी सर्वांत साधी पद्धत घ्यावी आणि तिची हद्द आधीच आखून ठेवावी. यात खर्च वाचतो हे खरं, पण माझा आग्रह अचूकतेसाठी आहे.

ब्रेकवॉटरच्या आड, बंदराच्या आत लाट किती उंच उरेल, हा प्रश्न घेऊ. ८ सेकंद आवर्तनकाळाची लाट खोल समुद्रात सुमारे १०० मीटर लांब असते. १० मीटर खोलीवर ती ७१ मीटरवर येते. तिची उंची २ मीटर धरली आणि नेव्हिए-स्टोक्ससाठी प्रत्येक सेलमधलं पाणी मोजणाऱ्या व्हीओएफ पद्धतीने त्या उंचीत निदान १० सेल बसवले, तर सेल २० सेंटिमीटरचा होतो. एवढ्याच आकाराच्या सेलनी एक चौरस किलोमीटरचं पाणी भरायचं तर सव्वाशे कोटी सेल लागतात. वरची हवा वेगळीच. बुसिनेस्क समीकरणांत उभी दिशा आधीच हिशेबात घेतलेली असते, त्यामुळे २ मीटरच्या जाळीवर अडीच लाख सेलमध्ये काम भागतं. आणि लाटेचं वळणं, आडोशामागे पसरणं, भिंतीवरून परतणं, म्हणजे या प्रश्नाचा गाभाच, त्यांत येतो. व्हीओएफचे सेल परवडावेत म्हणून जाळी विरळ केली, की लाट वाटेतच खचते. मग आत दिसणारी शांतता ब्रेकवॉटरमुळे आली की जाळीमुळे, हे सांगता येत नाही.

साधेपणालाही हद्द आहे. बेजी आणि बॅटजेस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० सेंटिमीटर खोल पाण्यातली लाट एका बुडालेल्या उंचवट्यावरून जाते. माथ्यावर पाणी जेमतेम १० सेंटिमीटर. तिथे लाटेतून आखूड लाटा निपजतात आणि पलीकडे खोल पाण्यात उतरल्यावर मूळ लाटेच्या मागे पडत जातात. उथळ पाण्याच्या समीकरणांत मात्र लहान-मोठ्या साऱ्या लाटा एकाच वेगाने धावतात, म्हणून पलीकडचा आकार चुकतो. सुनामीला चालणारी ही पद्धत इथे हरते. लाट फुटत नसेल तर चिकटपणा आणि भोवरे वगळणारा पूर्ण अरेषीय पोटेन्शियल फ्लो इथे चोख काम करतो.

संगणक स्वस्त झाले, आता ही काटछाट कशाला, असं कोणी म्हणेल. पण मोठी समीकरणं आपल्या चुका सोबत आणतात. लार्सन आणि फुरमन यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की नेहमीची दोन-समीकरणी टर्ब्युलन्स मॉडेलं न फुटलेल्या लाटेखालीही खोटा टर्ब्युलन्स वाढवत नेतात आणि लाटेची ऊर्जा खातात. जास्त संगणक लावून हे सुटत नाही. मॉडेलच बदलावं लागतं. दुसरा आक्षेप मला मान्य आहे: लाट भिंतीवर आदळते, माथ्यावरून पाणी पलीकडे पडतं, तिथे पोटेन्शियल फ्लो मुका होतो. तिथे व्हीओएफ किंवा पाणी कणांनी मांडणारं एसपीएच हवंच, पण भिंतीजवळच्या पट्ट्यापुरतं. त्या पट्ट्यापर्यंत लाट आणून सोडायचं काम साध्या पद्धतीला द्यावं, आणि दोन्हींच्या सीमेवर लाटेची उंची जुळते का, हे भिंतीवरचा दाब वाचण्याआधी तपासावं. ती जुळत नसेल, तर दाबाचा आकडा अहवालात घालू नये.