चोवीस तासांची रजा

संपादकांनी ब्रॉडवेच्या युद्धकाळातल्या संगीतिकांवर हलकंफुलकं काहीतरी मागितलं. पियानोवर बसून नटांकडून गाणी बसवून घेणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे विषय जिवाभावाचा. पण लेख हलकाफुलका होणार नाही. नुकतीच इथल्या एका हौशी संस्थेसाठी 'ऑन द टाउन' ही त्या काळातली संगीतिका बसवली आणि प्रयोगाच्या पत्रिकेत तिचं वर्णन छापून आलं निरागस काळाची सफर म्हणून. ते मला अजून सलतंय.

'ऑन द टाउन' २८ डिसेंबर १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. त्या आठवड्यात बेल्जियमच्या बर्फात आर्डेन्सची लढाई पेटलेली होती. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन आणि नृत्यकार जेरोम रॉबिन्स, दोघंही २६ वर्षांचे. तीन खलाशांना २४ तासांची रजा मिळते. सकाळी सहाला ते ब्रुकलिनच्या गोदीतून बाहेर पडतात, भुयारी रेल्वेतल्या फलकावर पाहिलेल्या मुलीच्या शोधात शहर पालथं घालतात आणि दुसऱ्या दिवशी सहाला जहाजावर परततात. रणांगण कुठे दिसत नाही. मग यात युद्ध कुठे आहे, असं लोक मला विचारतात. अहो, ते घड्याळात आहे! जहाजावर परत जायचं म्हणजे कुठे जायचं, हे १९४४च्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं.

रात्री उशिरा आगगाडीत दोन खलाशी आणि त्यांच्या मैत्रिणी असे चौघं मिळून 'सम अदर टाइम' गातात, तिथे तर हे घड्याळ ऐकूच येतं. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सनं १९५८ मध्ये या गाण्याच्या सुरुवातीवरूनच 'पीस पीस' रचलं: डाव्या हातात दोनच स्वरसंघ, पुन्हा पुन्हा तेच, वर उजवा हात मोकळा. वाचकांना हे तांत्रिक वाटेल, पण पियानो असेल तर वाजवून पाहा. गाणं पुढे सरकायलाच तयार नसतं, कारण पुढे सकाळ आहे.

आणि ती फलकावरची मुलगी! खलाशी जिला शहरभर शोधतात, तिची भूमिका सोनो ओसातो हिनं केली. तिचे वडील जपानी. पर्ल हार्बरनंतर त्यांना शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडून स्थानबद्ध केलं होतं. जपानशी युद्ध चालू असताना ही मुलगी न्यूयॉर्कची लाडकी म्हणून रोज रात्री नाचत होती. वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनवर एव्हरेट ली हा कृष्णवर्णीय वादक होता. १९४५ मध्ये वाद्यवृंदाचं संचालनही त्यानं केलं. नृत्यपथकात गोरे-काळे एकत्र नाचत होते. हा काळ निरागस असता, तर एवढं धाडस कशाला लागलं असतं?

या सगळ्यावर साय धरली ती १९४९च्या चित्रपटानं. युद्ध संपलेलं, बर्नस्टाइनची बरीचशी गाणी काढून टाकलेली. 'सम अदर टाइम'सुद्धा गेलं. ओसातोच्या जागी गोरी नायिका आली. रजा उरली, घड्याळ गेलं, आणि लोकांच्या मनात आज आहे तो हा चित्रपट, नाटक नव्हे. पुढे १९७४ मध्ये 'ओव्हर हिअर!' ही संगीतिका आली. युद्धात सैनिकांपुढे गायलेल्या अँड्र्यूज भगिनींपैकी हयात असलेल्या दोघी तिच्यात होत्या. तिथे तर युद्धकाळ हाच करमणुकीचा विषय झाला होता.

आपल्याकडेही वेगळं काय घडलं? १९२१चं संयुक्त 'मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी झालं होतं. आज बोलणं निघतं ते बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या गाण्याचं. फंडाचं नाव क्वचित निघतं.

तरी १९४९च्या प्रेक्षकाला दोष द्यायला मन धजत नाही. आघाडीवरून परतलेल्या माणसाला ते घड्याळ पुन्हा ऐकायचं नसेल, तर मी कोण त्याला अडवणार? आजच्या दिग्दर्शकांकडे मात्र तशी सबब नाही. 'सम अदर टाइम' जलद घ्या, लोक कंटाळतील, असं मला तालमीत सांगितलं जातं, तेव्हा मी वाद घालतो आणि पुढेही घालीन.