सुराकडे यायची वाट

मंद्रूपहून कुडल-हत्तरसंग फार दूर नाही. सीना आणि भीमा जिथे एकमेकींस मिळतात, तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा, मराठी शिलालेख आहे. आद्य शिलालेखांचा विषय वर्गात निघाला की आम्ही विद्यार्थ्यांना हटकून तिकडे घेऊन जातो. तुळईवरची ती अक्षरे वाचता येतात. पण कोरणाऱ्याने ते वाक्य कोणत्या हेलात उच्चारले असेल, हे दगड सांगत नाही. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थ्यांनी याच विषयावर एक एकांकिका लिहिली आणि तिच्या संगीताची जबाबदारी मराठी विभागातल्या आम्हां दोघांवर आली. आमच्यातला एक पेटी वाजवतो, दुसऱ्याला संगणकाचा नाद आहे. एवढेच आमचे भांडवल.

आजवर संमेलनातल्या नाटकाला सनई वाजवायला पंचक्रोशीतले एक गृहस्थ येत. सारे त्यांना मामा म्हणतात. जानेवारी लागला की ते स्वतःच येऊन तारीख विचारीत. गेल्या वर्षीही आले. आम्ही म्हणालो, "मामा, यंदा सगळं कॉम्प्युटरवर करणार आहोत." ते "बरं हाय की" म्हणाले, चहा घेतला आणि गेले. मानधनाचे दोन हजार रुपये वाचले, याचे आम्हांला त्या वेळी थोडे समाधानच वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

संगणकावर जे हाती लागले ते थक्क करणारे होते. म्यूझस्कोअर हा स्वरलेखनाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. डिसेंबर २०२२मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून त्याच्याबरोबर वाद्यवृंदाचा ध्वनिसंग्रहही विनामूल्य उतरवून घेता येतो. असा संग्रह म्हणजे कृत्रिम नाद नव्हे. खऱ्या वादकांना बसवून व्हायोलिन, चेलो, हॉर्न, बासरी यांचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरकस, तोडून, लांबवून असा परोपरीने ध्वनिमुद्रित केलेला असतो. आपण पाच रेघांवर टिंब मांडले की संगणक त्या साठ्यातला नेमका सूर काढून वाजवतो. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी या संकेतपद्धतीत सुरावरचा आघात ० ते १२७ अशा आकड्यांत सांगतात; त्या आकड्याबरोबर नुसता आवाजच वाढत नाही, तर जोरकस वाजवलेला निराळा सूरच पुढे येतो. मग प्रत्येक वाद्याची ध्वनिफीत वेगळी काढायची आणि रीपरसारख्या ऑडिओ वर्कस्टेशनमध्ये एकाखाली एक पट्ट्या लावून त्यांचा मेळ बसवायचा. आमच्या विद्यार्थ्यांनी चेलो डोळ्यांनी पाहिलेला नाही. बाकीच्या पट्ट्या बंद करून त्यांनी एकट्या चेलोची ओळ ऐकली, तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. हे श्रेय त्या साधनाला दिलेच पाहिजे.

अडले ते सनईपाशी. संग्रहात सनई नव्हती. म्हणून आम्ही ओबो घेतला. तोही पत्तीचा, फुंकेचा. सनईचा दूरचा पाश्चात्त्य भाऊबंद. शेवटच्या प्रवेशात त्याच्याकडून आठ-दहा ओळींची धून वाजवून घेतली. प्रत्येक सूर निर्दोष होता, आणि तरीही एकूण धून निर्जीव होती. काय चुकते आहे, ते आम्हांला सांगता येईना. शेवटी आमच्यातला एकजण ओशाळल्या मनाने मामांकडे गेला आणि त्यांना तालमीला घेऊन आला.

मामांनी धून पूर्ण ऐकली. मग विचारले, "सर, ह्यो श्वास कुठं घेतोय?"

खरेच, आमच्या ओबोने दीड मिनिटात एकदाही श्वास घेतला नव्हता. तो घ्यावा लागतो, हे लिहिताना आम्हांला सुचलेच नव्हते. मामा म्हणाले, सूर धरणारा गालात हवा साठवून न थांबता फुंकतो, ते त्याचे कामच. पण धून वाजवणाऱ्याने कुठे थांबायचे हे ठरलेले असते, आणि ऐकणाराही तिथेच थांबतो. आम्ही ओळींच्या शेवटी जागा सोडल्या. धून थोडी सुधारली. मग आमच्या डोक्यात नवे खूळ शिरले. मामांचाच एकेक सूर ध्वनिमुद्रित करून आपण सनईचा छोटा संग्रह तयार करावा. म्हणजे पुढे कधी अडायला नको.

यातल्या 'अडायला नको' याचा अर्थ मामांना आमच्याआधी कळला असावा. तरीही ते बसले. सा झाला, रे झाला. मग आम्ही म्हणालो, "मामा, आता नुसता ग द्या." त्यांनी सनई ओठांना लावली आणि पुन्हा खाली घेतली.

"नुसता ग कसा वाजवू सर? कुठनं यायचं ते सांगा की."

हे वाक्य आम्ही दोघेही विसरू शकलेलो नाही. अडचण ओबोची नव्हती. सूर ही सुटी वस्तू आहे, या आमच्या समजुतीची होती. संग्रह तयार करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. म्हणून चांगल्या संग्रहांत एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची क्रियाही ध्वनिमुद्रित केलेली असते. एका सप्तकातल्या बारा सुरांपैकी प्रत्येकावरून उरलेल्या अकरांवर जायचे म्हटले, तरी १३२ वाटा होतात. शिवाय रागात गंधाराचे रूप केवळ आधीच्या सुरावर नव्हे, तर त्याच्याही आधीच्या चालीवर अवलंबून असते. भातखंडे यांच्या लिपीत मींड दाखवायला सुरांवर एक कमान काढतात. पाश्चात्त्य लिपीतही सूर जोडून वाजवायची खूण कमानीचीच. कमान काढणे सोपे आहे. तिच्याखालून जायचे कसे, हे मात्र ज्याने त्या वाटेवर वर्षे घालवली त्यालाच कळते.

आपल्या विषयात हे नवे नाही. शब्दकोशात शब्द असतात, वाक्य नसते. दगडाने वाक्य राखले आणि आवाज हरवला. आमच्या संगणकाने आवाज राखला आणि वाक्य हरवले. दोन्ही ठिकाणी उरलेले मोलाचेच आहे. पण उरलेले म्हणजे सगळे, असे मानण्याची चूक आम्ही शिलालेखापुढे कधी केली नव्हती. ती संगणकापुढे केली.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे, असा नाही. पेटीचा इतिहास आठवावा. तिच्या पट्ट्यांना मींड येत नाही, तिचे सूर जागचे हलत नाहीत, असे आक्षेप घेऊन १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले. आक्षेप खोटे नव्हते. पण त्याआधीच आपल्या संगीत रंगभूमीच्या काळात गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी ती गाती झाली होती, आणि गाणाऱ्याचा गळा ऐकत त्याच्यामागे जाणारी साथीदार म्हणून ती टिकली. उलट, ज्यांना सगळे परवडते तेही माणसांकडे वळतात. आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यांना ध्वनिसंग्रह ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

आम्हांला लॉस एंजेलिस शक्य नव्हते. मामा शक्य होते. आम्ही ओबोची पट्टी पुसली आणि मामांना वाजवण्याची विनंती केली. पुन्हा अडचण आली. त्यांच्या सनईचा षड्ज काळी दोनच्या किंचित वर. संगणकाचा वाद्यवृंद काटेकोर काळी दोनमध्ये. सनईचे लाकूड बदलता येत नाही. तेव्हा आम्ही वर्कस्टेशनमधल्या सगळ्याच पट्ट्या अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी तीस भाग वर उचलल्या. आकडा टंकायला चार सेकंद लागले. लयीचेही तसेच. मामा एखाद्या सुरावर रेंगाळत आणि यंत्र पुढे निघून जाई. म्हणून आम्ही ध्वनिफितीचे अकरा तुकडे केले. प्रयोगाच्या रात्री आमच्यातला एकजण विंगेत लॅपटॉप घेऊन मामांच्या गालांकडे पाहत बसला होता. त्यांनी श्वास घेतला की पुढचा तुकडा सोडायचा, एवढेच त्याचे काम.

दोनदा चुकले. एकदा तुकडा लवकर सुटला, एकदा उशिरा. मामांनी दोन्ही वेळा सांभाळून घेतले. यंत्राला ते जमले नसते.

लग्नाच्या मांडवात आता बहुधा ध्वनिमुद्रित सनईच वाजते, हे मामांनी नंतर बोलता बोलता सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांचा सूर धरणारा पुतण्या टेम्पो चालवतो. तो मिळेल त्याच दिवसांच्या सुपाऱ्या ते घेतात. आमच्या एका संमेलनाने यात फरक पडणार नाही, हे आम्हांला कळते.

यंदा जानेवारीत संमेलनाची तारीख ठरवण्याची बैठक होती. बैठकीआधी आम्ही दोघे मामांकडे जाऊन पुतण्याला कोणत्या दिवशी सवड आहे, ते विचारून आलो.